खरखर

माणसाचा स्वभाव ओळखण्यासाठी कोणी पत्रिका बघतात, कोणी हात बघतात, कोणी हस्ताक्षर बघतात. मुलगी द्यायची असेल तर पासबुक बघतात. माझी पद्धत साधी आहे. त्या माणसाच्या हातात एक ट्रान्झिस्टर द्यावा, मध्यम लहरींवर एखादं लांबचं, खोल गेलेलं स्टेशन लावून द्यावं आणि आपण बाजूला बसून राहावं. पाच मिनिटांत गृहस्थ उलगडतो.

पहिला प्रकार थप्पडवाल्यांचा. खरखर ऐकू आली की यांचा तळहात आपोआप उठतो. दुर्दैव असं, की थप्पड मारल्यावर कधीकधी संच खरोखरच बोलायला लागतो. आत कुठेतरी एखादा टाका सुटत आलेला असतो, किंवा सेलच्या टोकाला गंज चढून स्प्रिंग नीट टेकत नसते. धक्क्याने ती जागेवर येते. पण थप्पडवाल्याला वाटतं, हा आपल्या शिस्तीचा प्रभाव! जगातल्या पुष्कळ मारकुट्या मास्तरांचं तत्त्वज्ञान अशाच एखाद्या सुटलेल्या टाक्यावर उभं असतं.

दुसरा प्रकार आवाज वाढवणाऱ्यांचा. आवाज वाढवला की गाणं वाढतं तशी खरखरही वाढते, आणि अगदी त्याच पटीत. पूर्वी एका माणसाला गाणं नीट ऐकू येत नव्हतं, आता ते सगळ्या गल्लीला नीट ऐकू येत नाही, एवढाच फरक. तिसरा सेलवाला. सगळ्या दुखण्यांचं मूळ अशक्तपणात असतं, या श्रद्धेने तो सेल काढतो आणि पापडांच्या शेजारी उन्हात मांडतो. चौथा गृहस्थ संचाला हातच लावत नाही. तो म्हणतो, "आपल्याकडे काही धड नाहीच!" एके काळी रेडिओचं लायसन्स पोस्टात पैसे भरून काढावं लागे, तेव्हा या तक्रारीला निदान पावतीचा आधार होता. १९८० च्या दशकात लायसन्स गेलं; तक्रार मात्र वारसाहक्काने चालू राहिली.

पाचवा एरियलवाला. तो ती चकचकीत दांडी फूटभर वर ओढतो, वाकवतो, तिच्या टोकाला तारेचा तुकडा गुंडाळून तो खिडकीच्या गजाला बांधतो. वास्तविक बहुतेक छोट्या संचांत त्या दांडीचा मध्यम लहरींशी काही संबंध नसतो. ती लघुलहरींसाठी आणि एफ. एम. साठी. कार्यात जसे नवऱ्या मुलाचे मामा, तशी ती असते. उंच, झगमगीत, सगळ्यांच्या नजरेत. काम मात्र आत कोणी दुसरंच करत असतं.

सहावा प्रकार विरळा. हा माणूस काही बोलत नाही. संच दोन्ही हातांत धरतो, कान देतो, आणि तो हळूहळू फिरवत राहतो. एका जागी गाणं खरखरीतून वर येतं. तिथे तो थांबतो. मुलगी द्यावी तर अशाला.

आता कोणी म्हणेल, एका रेडिओपायी हे काय पुराण! पण या सहा जणांत एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे. बोलणं पोचलं नाही तर दोष कोणाचा? बोलणाऱ्याचा, मधल्या हवेचा, की ऐकणाऱ्याचा? आपल्या मराठीने या प्रश्नातून आपली फार शिताफीने सुटका करून ठेवली आहे. आपण म्हणतो, "मला ऐकू येत नाही." म्हणजे ऐकू 'यायचं' काम त्या आवाजाचं. तो आला तर ठीक, नाही आला तर आपण काय करणार? आपण दार उघडं ठेवून पाटावर बसलेलो आहोतच. "मी ऐकत नाही" हे वाक्यही मराठीत आहे, पण ते आपण स्वतःबद्दल सहसा वापरत नाही. मुलांबद्दल, सुनांबद्दल आणि नगरपालिकेबद्दल वापरतो. माझ्या मते सगळं नीतिशास्त्र या दोन वाक्यांच्या मधल्या अंतरात मावतं. "ऐकू येत नाही" यातला किती भाग खरा आणि "ऐकत नाही" हे किती, हे ठरवायचं कसं?

इथे ट्रान्झिस्टर आपल्या मदतीला येतो. त्याचं झाकण उघडलं तर आत एक काळपट राखी कांडी दिसते, बोटभर ते वीतभर लांब. तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. ही फेराइटची कांडी म्हणजे मध्यम लहरींची खरी एरियल. पूर्वीच्या व्हॉल्व्हच्या रेडिओंना भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी लागे, शिवाय अर्थिंगची तार नळाला. ते सगळं काम ही कांडी पोटात राहून करते. तिची एकच अट असते. स्टेशन तिच्या कुशीला असलं पाहिजे, टोकाला नाही. कांडीचं टोक स्टेशनच्या दिशेला गेलं की तिला त्या स्टेशनपुरतं बहिरेपण येतं. म्हणून संच चौथाई वळणाने फिरवला की मेलेलं स्टेशन जिवंत होतं. स्टेशन तेच, हवा तीच, सेलही तेच. बदलली ती फक्त ऐकणाऱ्याची बसण्याची तऱ्हा.

इतपत कीर्तन कोणीही करील. खरी गंमत पुढे आहे. ही कांडी ऐकते ती फार मोठ्या पट्ट्यातलं. संच थोडा इकडेतिकडे झाला तरी स्टेशनचा आवाज फारसा कमी होत नाही. पण तिची बहिरी दिशा मात्र अगदी नेमकी असते, सुईच्या नेढ्याएवढी. त्यामुळे जाणकार माणूस संच फिरवतो तो गाण्याकडे तोंड करण्यासाठी नव्हे. तो आधी खरखर कुठून येते ते हुडकतो आणि कांडीचं टोक तिच्यावर रोखतो. खरखर नाहीशी झाली की जेमतेम आलेलं गाणंही पुरतं. मला हे कळलं तेव्हा मी थोडा वेळ स्वस्थ बसलो. लहानपणापासून 'लक्ष दे, लक्ष दे' असं ऐकत आलो. कशाकडे लक्ष देऊ नको, हे कोणी सांगितलंच नव्हतं. चांगलं ऐकायचं म्हणजे कोणाला तरी न ऐकायचं ठरवायचं. सगळ्यांचं सारखंच ऐकणारी कांडी बनवता येत नाही. बनवली तर तिला सगळी खरखरच ऐकू येईल.

मग प्रश्न आला की बहिरी दिशा कोणाच्या वाट्याला द्यायची?

याचंही उत्तर संचच देतो, आणि ते फारसं मानाचं नाही. रात्री घरातला मेन स्विच बंद करावा आणि सेलवर चालणारा संच ऐकावा. बऱ्याच घरांत निम्मीअधिक खरखर तिथेच थांबते. ज्या खरखरीबद्दल आपण आकाशवाणीला, पावसाला आणि शेजारच्या वेल्डिंगवाल्याला बोल लावत होतो, ती आपल्याच एल. ई. डी. दिव्यातून, मोबाइलच्या चार्जरमधून, पंख्याच्या रेग्युलेटरमधून आणि इन्व्हर्टरमधून निघत असते. पूर्वी ट्यूबलाइट लागताना रेडिओ नुसता खाकरायचा. आता घरात दिसेल त्या खोक्याच्या पोटात एक छोटंसं आकाशवाणी केंद्र आहे, आणि ते चोवीस तास 'खर्रर्र' एवढाच कार्यक्रम लावतं. बाहेरची वीज कडाडते ती पावसाळ्यात. घरातली बारमाही.

मोठ्या आवाजाच्या स्टेशनांना याची फिकीर नसते. १९८८ साली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली ती नागपूरच्या १००० किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून. एवढी ताकद मागे असली की ऐकणाऱ्याने कांडी कशीही धरो, आवाज घरात शिरतोच. ताकदवानाचं ऐकायला सद्गुण लागत नाही. साहेबाचं कुजबुजणं आपल्याला तीन टेबलं पलीकडून ऐकू येतं. सद्गुण लागतो तो क्षीण स्टेशनासाठी, आणि म्हणून ऐकण्याची परीक्षा तिथेच होते.

नात्यातल्या एका घरातली गोष्ट सांगतो. घरातले वडीलधारे काका नव्वदीचे झाले, अंथरुणाला खिळले, आणि त्यांचा आवाज पार उतरला. ऐन रात्री दूरचं स्टेशन जसं मधेच वर येतं नि मधेच बुडतं, तसं त्यांचं बोलणं झालं होतं. एक दिवस त्यांच्या तोंडून "राम... राम..." असं ऐकू आलं. झालं! काकूंनी डोळ्यांना पदर लावला. थोरल्याने मोबाइलवर रामरक्षा लावली. धाकट्याने पुण्याला आणि नाशिकला फोन केले. सुनेने गंगाजलाचं भांडं शोधलं. काका जो जो "राम" म्हणत तो तो रामरक्षेचा आवाज वाढे. वर पंखा, शेजारी टी. व्ही., दारात चपलांचा ढीग. काकांच्या चेहऱ्यावर त्रासिक भाव दिसू लागले, तेव्हा मंडळी म्हणाली, "जीव अडकलाय."

रात्री सेवेला येणाऱ्या मावशी आल्या. त्यांनी आल्याआल्या टी. व्ही. बंद केला, मोबाइल बंद केला, पंखासुद्धा बंद केला. मग पलंगाला वळसा घालून त्या भिंतीकडच्या बाजूला गेल्या, कारण काकांची मान त्या कुशीवर होती आणि सबंध दिवस सगळं घर त्यांच्या पाठीशी बोलत होतं. दोन मिनिटं त्या नुसत्या बसल्या. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "आरामखुर्ची मागताहेत."

मागचं-पुढचं बुडून मधला राम तेवढा वर आला होता. खुर्ची माळ्यावरून निघाली. पुण्याची माणसं पोचली तेव्हा काका खुर्चीत बसून चहा घेत होते, आणि त्या खुर्चीत ते पुढे दोन वर्षं बसले. घरातलं एकही माणूस निष्काळजी नव्हतं. सगळ्यांची माया खरी होती. थप्पड सोडली तर बाकीचे सगळे उपाय प्रेमाने झाले होते. फक्त मेन स्विच कोणी बंद केला नव्हता.

ए. एम. मला आवडतं ते या कारणासाठी. तसं पाहिलं तर ते भोळं तंत्र आहे. लहरीची उंची कमीजास्त करून ते बोलतं, आणि वीज चमकली तरी तिचा झटका उंचीतच येतो. त्यामुळे संचाला गवई कुठला आणि वीज कुठली ते समजत नाही, दोघांनाही तो आत घेतो. एफ. एम. शहाणं. ते उंचीकडे बघतच नाही, म्हणून स्वच्छ असतं. पण त्याची एक खोड आहे. एकाच जागी दोन स्टेशनं आली तर एफ. एम. चा संच जोरकस स्टेशन तेवढं धरतो आणि दुबळं पार पुसून टाकतो. ते होतं याची खूणही उरत नाही. ए. एम. वर दोन आवाज आले तर गोंधळ होतो, शिट्टी वाजते, डोकं उठतं. पण दुबळा आवाज खाली कुठेतरी शिल्लक राहतो. विमानं आणि कंट्रोल टॉवर आजही ए. एम. वरच बोलतात, त्याच्या कारणांपैकी हे एक. दुसरा कोणी बोलत असताना एखादं विमान मदत मागत असेल, तर निदान कळावं की कोणीतरी आहे. स्वच्छतेपेक्षा हे महत्त्वाचं, असं त्या मंडळींनी ठरवलं. घरात आणि देशात काय ठरवायचं, ते ज्याचं त्याने बघावं.

आता खरखरीचीही बाजू मांडली पाहिजे, नाहीतर मी तिला कायमची बहिरी दिशा देऊन मोकळा होईन. १९३० च्या सुमारास अमेरिकेत कार्ल जान्स्की नावाच्या तरुण इंजिनियरला बेल कंपनीने काम दिलं की समुद्रापारच्या रेडिओ टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते ते शोध. त्याने मोटारीची चाकं लावून गोल फिरणारी मोठी एरियल बांधली. म्हणजे आपला सहावा गृहस्थच, फक्त संच मोठा. जवळची वादळं सापडली, लांबची वादळं सापडली, आणि एक हलकीशी फुसफुस उरली. ती कुठल्याच वादळाची नव्हती. १९३३ साली त्याने जाहीर केलं की ती आकाशगंगेकडून, धनु राशीच्या दिशेने येते. सगळं रेडिओ खगोलशास्त्र त्या उरलेल्या फुसफुशीतून निघालं. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत त्या ही असली खरखर ऐकायलाच, आणि तिथे माणसांचे रेडिओ आवाज हा व्यत्यय समजला जातो! तेव्हा कोणाला खरखर म्हणायचं हे ठरवताना घाई नको. गप्प करण्याआधी ती कुठून येते, एवढं तरी बघावं.

समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्ती सांगितल्या, त्यांत पहिला समास श्रवणाचा आणि दुसरा कीर्तनाचा. आपण सगळे पहिला गाळून दुसऱ्यापासून सुरुवात करतो. या लेखाने मी स्वतः तेच केलं आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलंच असेल.

तेव्हा आता बोलणं पुरे. दिवसा वातावरणाचा खालचा विद्युत्भारित थर मध्यम लहरी पिऊन टाकतो. रात्री तो विरतो, आणि लहरी त्याच्याहून उंचावरच्या थरांवरून परत फिरून शेकडो मैलांवर उतरतात. म्हणून रात्री दहानंतर दिवे, चार्जर, सगळं बंद करावं आणि संच खिडकीशी नेऊन सावकाश फिरवावा. कुठल्यातरी अनोळखी भाषेतला एक माणूस वर येतो. बातम्या देत असेल, बाजारभाव सांगत असेल, कोण जाणे. आपण ऐकतो आहोत याचा त्याला पत्ता नसतो. त्याच्या बाजूचं काम तो करून मोकळा झालेला असतो. संच आता आपल्या हातात असतो.