दोघांनी मोजायचं दान

रविवारची उपासना संपते. लोक अंगणात बोलत उभे असतात. तेव्हा आतल्या खोलीत दोघे जण अर्पणाच्या थैल्या टेबलावर रिकाम्या करतात. नोटा वेगळ्या, नाणी वेगळी. एक मोजतो, मग दुसरा मोजतो. वहीत आकडा चढतो आणि त्याखाली दोघांच्या सह्या होतात. अनेक मंडळ्यांत हा रिवाज आहे. खजिनदार कितीही जुना आणि सचोटीचा असो, एकट्याने मोजायचं नाही.

यात संशय नाही. उलट, ज्याच्यावर विश्वास आहे त्याला एकटं न सोडण्याची ही माया आहे, असं मला वाटतं.

पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 8व्या अध्यायात अशीच व्यवस्था दिसते. यरुशलेमातल्या गरीब बांधवांसाठी मदत गोळा होत होती. रक्कम मोठी होती. त्या कामासाठी पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोन बंधू पाठवले. त्यांतला एक तर मंडळ्यांनीच निवडलेला होता. या पैशाबद्दल कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये, हे कारण तो उघड सांगतो. प्रभूच्या नजरेत चोख असणं त्याला पुरलं नाही. माणसांच्या नजरेतही चोख असावं, याची त्याने काळजी घेतली. ‘देव माझं मन जाणतो’ हे खरंच आहे. पण पुढारी ते फार लवकर म्हणू लागला, की मला भीती वाटते.

माणसांपुढे असा हिशेब ठेवण्याचं उदाहरण आपल्याजवळही आहे. पंडिता रमाबाईंच्या विधवांसाठीच्या कामाला 1887मध्ये बॉस्टनला एक संस्था उभी राहिली. तिने दहा वर्षं मदत देण्याचं वचन दिलं होतं. ती मुदत सरल्यावर, 1898मध्ये, रमाबाई स्वतः समुद्र ओलांडून तिथे गेल्या आणि झालेलं काम लोकांपुढे मांडलं.

पैसा निदान मोजता तरी येतो. कुणाच्या आजारपणात पाळक धावून गेला आणि कुणाची चौकशी फोनवरच उरकली, सभेत कुणाचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं आणि कुणाचं अर्ध्यात तोडलं, याची वही कुठे असते? तिथे दुसरी सही कुणाची घ्यायची?

इस्राएलाचा कारभार पाहणारा म्हातारा शमुवेल गिलगालात लोकांपुढे उभा राहिला, ते मला इथे आठवतं. तो विचारतो : मी कुणाचा बैल घेतला? कुणाचं गाढव? कुणावर जुलूम केला? कुणाकडून लाच घेतली? सांगा, मी भरून देतो. त्याचे मुलगे लाचखोर निघाले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते मुलगे तुमच्यातच आहेत, असं तो स्वतःच आधी म्हणतो. मान खाली घालून निघून जायला त्याला ते कारण पुरेसं होतं. तरी तो थांबला आणि स्वतःचा हिशेब मागितला. तू कुणाचं काही घेतलं नाहीस, अशी लोकांनी साक्ष दिली.

पण तेव्हा राजा नेमून झाला होता. कारभार हातचा जात असताना शमुवेलाने हे विचारलं. अधिकार हातात असताना विचारलं, तर लोक खरं बोलतील का? मुलाला प्रवेशासाठी हवं असलेलं शिफारसपत्र, मुलीच्या लग्नाचा विधी, वडिलांच्या दफनाची प्रार्थना, हे सगळं ज्याच्या हाती, त्याच्या तोंडावर कोण बोलणार? म्हणून विचारणाऱ्यावरच जास्त भार येतो. समोरचा अडखळत असला तरी त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत गप्प राहावं लागतं. आणि उत्तर कडू निघालं, तर पुढच्या आठवड्यात त्याच घरी, पहिल्यासारखंच, प्रार्थनेला जावं लागतं.