सोळाव्या वर्षाची तयारी

पहाटे पाचला बूट चढवून मित्रांबरोबर पळायला बाहेर पडणारे आईबाप मुलाच्या हक्काचा वेळ स्वतःच्या हौसेवर उधळत असतात का? २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, २०१२ साली साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढणारी हाफ मॅरेथॉन सुरू झाली, आणि त्या सुमारास महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या शहरांत धावणाऱ्यांचे गट उभे राहिले. या गटांत शाळकरी मुलांचे आईबाप भरपूर आहेत. त्यामुळे हा प्रश्न आता अनेक घरांत निघतो. कधी जोडीदार विचारतो, कधी आजी-आजोबा, आणि बहुतेक वेळा ज्याचं त्याचं मन. उत्तर सहसा तडजोडीचं असतं: आठवड्यातून तीनच दिवस पळा, रविवारी नऊच्या आत घरी या. तडजोड करावी लागतेच. पण तिच्यामागे एक गृहीतक असतं, की मैत्री आणि पालकत्व एकाच ताटातले दोन वाटेकरी आहेत. एकाला जास्त वाढलं की दुसरा उपाशी राहणार. मला हे गृहीतकच मान्य नाही. मुलाचा निकोप अभिमान बाळगायला जी वृत्ती लागते, ती मुलाच्या सहवासात फारशी घडत नाही. ती बरोबरीच्या माणसांत, मैत्रीत घडते.

चाणक्याच्या नावावर असलेलं एक सुभाषित आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. पाच वर्षांपर्यंत मुलाचे लाड करावेत, पुढची दहा वर्षं त्याला धाकात ठेवावं, आणि सोळावं लागलं की त्याच्याशी मित्रासारखं वागावं. मधल्या दहा वर्षांसाठी मूळ श्लोक मार द्यायला सांगतो, तो भाग आज टाकूनच द्यायला हवा. शेवटचा भाग सगळ्यांना पटतो, पण त्यातली अडचण कोणी बोलून दाखवत नाही. ज्याने पंधरा वर्षांत एकही मैत्री जपली नाही, त्याला सोळाव्या वर्षी अचानक मित्रासारखं वागता कसं येणार? लाड आणि शिस्त ही दोन्ही कामं वरून खाली बघत होतात. मैत्रीला असा वरचा-खालचा चालत नाही. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात मैत्रीला दोन अख्खे भाग दिले आहेत. मूल हा आपलाच अंश असतो म्हणून आईबाप त्याच्यावर प्रेम करतात, असं तो तिथे म्हणतो; पण त्याच ओघात असंही सांगतो, की मूल आपल्यापासून वेगळं झालेलं असतं म्हणूनच ते जणू दुसरा 'मी' असतं. मित्रासाठीही तो हाच शब्दप्रयोग करतो. अंश ते दुसरा 'मी' हे अंतर प्रत्येक पालकाला कधीतरी कापावं लागतं, आणि ते वेगळेपण मान्य केल्याशिवाय कापलं जात नाही.

धावणाऱ्यांच्या गटात नेमकं काय घडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. रविवारच्या लांब पल्ल्याला अनुभवी मंडळी घड्याळापेक्षा एक साधं माप वापरतात: पळताना एक पूर्ण वाक्य दम न लागता बोलता आलं पाहिजे. गटात हे माप सर्वांत हळू माणसाच्या छातीवर ठरतं. चढाला त्याची वाक्यं तुटायला लागली, उत्तरं नुसत्या 'हं'वर आली, की पुढचे न सांगता पाय आखडते घेतात. पाच किलोमीटर पंचवीस मिनिटांत मारू शकणारा त्या सकाळी पस्तीस-चाळीस मिनिटं घेतो आणि आपलं काही गेलं असं त्याला वाटत नाही. ज्याच्या यशाचं श्रेय आपल्याला मिळणार नाही आणि ज्याच्या अपयशाने आपली मान खाली जाणार नाही, अशा माणसासाठी तो थांबलेला असतो. शर्यतीच्या दिवशी त्याच मित्राने आपली सर्वोत्तम वेळ नोंदवली की त्याला मनापासून आनंद होतो, आणि या आनंदात मालकी नसते. मुलाचा अभिमान बाळगताना आपल्याला नेमकी हीच गोष्ट सर्वांत अवघड जाते.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य तीन ओढींविषयी बोलतो: पुत्रैषणा, वित्तैषणा आणि लोकैषणा. संततीची ओढ, धनाची ओढ, लोकांची ओढ. पुढे तो जे सांगतो ते फार मोलाचं आहे: यातली पहिली तीच दुसरी, आणि दुसरी तीच तिसरी. त्याच्या लोकैषणेत परलोक येतो, आपल्या बोलण्यात त्याच शब्दाला नावलौकिकाची हाव असा अर्थ आला आहे. तरी ओढ एकच राहते ही त्याची सूचना आजही लागू पडते. दहावीच्या निकालाच्या दिवशी कुठल्याही सोसायटीत ती दिसते. पेढे मुलासाठी आणलेले असतात, पण टक्के फोनच्या स्टेटसवर चढतात तेव्हा ते शेजाऱ्यांसाठी, ऑफिसातल्यांसाठी, दूरच्या नातेवाइकांसाठी असतात. मुलाच्या आनंदात आनंद आणि मुलामुळे वाढलेली आपली पत या दोन गोष्टी तेव्हा वेगळ्या काढता येत नाहीत. ज्या पालकाला स्वतःच्या आयुष्यात आनंदाची दुसरी जागाच उरलेली नाही, त्याचा सगळा भार त्या टक्क्यांवर येतो. पंच्याऐंशीच्या जागी बहात्तर पडले तर घरात सुतक असल्यासारखं होतं ते त्यामुळेच. अभिमान वाईट नाही. आपल्याविषयी घरात कोणाला कौतुक आहे हे मुलाला कळलंच पाहिजे. मात्र त्या कौतुकावर पालकाचं जगणं टांगलेलं असू नये.

यावर कोणी म्हणेल, की हा तर वैराग्याचा उपदेश झाला, आणि वैरागी बाप मुलाच्या काय कामाचा? गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांमध्ये बायकामुलांत आणि घरात गुंतून न राहणं सांगितलं आहे, ते ऐकायला खरंच कोरडं वाटतं. पण १२९० साली त्यावर भाष्य करताना ज्ञानदेवांनी मुलांना दिलेली उपमा पाहावी: वस्तीला आलेले वाटसरू, किंवा झाडाखाली येऊन बसलेली गुरं. झाड सावलीत हात आखडत नाही, फक्त गुरं आपली म्हणत नाही. शिवाय ज्या वारकरी परंपरेने ज्ञानेश्वरी जपली, ती घरसंसार करणाऱ्यांची परंपरा आहे. आळंदीहून पंढरपूरला सुमारे अडीचशे किलोमीटर सोबत्यांबरोबर चालत जायचं आणि पुन्हा आपल्या शेताकडे, मुलाबाळांकडे यायचं, यात तिला विसंगती दिसली नाही. वारीला विठ्ठल असतो, मॅरेथॉनला नसतो, हा फरक मोठा आहे आणि तो मी पुसून टाकत नाही. माझा मुद्दा मर्यादित आहे: काही काळ घराबाहेर, बरोबरीच्या माणसांत राहणं म्हणजे घराशी दगा, असं आपल्या परंपरेने मानलेलं नाही.

सर्वांत बळकट आक्षेप ययातीचा आहे. स्वतःच्या भोगासाठी त्याने आपल्या मुलाचं, पुरूचं, तारुण्य मागून घेतलं. पळण्याच्या नादात मुलाची वर्षं खाणारे पालक नसतात का? असतात. घड्याळातल्या आकड्यांपायी चिडचिडणारा, सुट्ट्या शर्यतींच्या तारखांवर बेतणारा, पदक भिंतीवर लावून मुलाने ते कौतुकाने पाहावं अशी अपेक्षा करणारा माणूस मैत्रीत नाही, पुन्हा लोकैषणेतच आहे; त्याने मुलाऐवजी स्वतःचे पाय वेठीला धरले एवढंच. आणि तान्ह्या मुलाच्या घरात, किंवा मूल आजारी असताना, मैत्रीचं तत्त्वज्ञान सांगून बाहेर पडणं याला मी स्वार्थच म्हणेन. पण ययातीने घेतलं ते पुरूचं होतं. पहाटेचा तास मुलाच्या झोपेचा असतो. तो खरोखर घेतला जातो तो जोडीदाराकडून, आणि या आक्षेपाचा रोख तिकडे वळवायला हवा.

आपल्या बहुतेक घरांत बाप पळायला गेला तर त्याला शिस्तीचा माणूस म्हणतात, आई गेली तर डब्याचं काय असं विचारतात. मैत्री हा पालकत्वाचा भाग असेल, तर तिची गरज दोघांना सारखीच आहे. मुलाचं सोळावं वर्ष आईच्याही आयुष्यात येणार आहे, आणि मुलगा-मुलगी आपल्यापासून वेगळी होताना पाहणं तिला सोपं जातं असं कोणी समजू नये. म्हणून तो सोमवारी पळाला तर मंगळवारी कणीक त्याने मळायची, दप्तर त्याने तपासायचं, बसथांब्यावर त्याने उभं राहायचं. आणि तिच्या गटाच्या गप्पा लांबून ती अर्धा तास उशिरा आली, तर ज्या मोकळेपणाने तो स्वतःचा उशीर सांगतो, तेवढ्याच मोकळेपणाने तिलाही तो सांगता आला पाहिजे.