बातमी हेही वाणीचे कर्म आहे

सकाळी वर्तमानपत्र उघडताना आपण एक गोष्ट विसरतो. बातमीत ज्याचे नाव असते, त्याच्या घरातही ती बातमी वाचली जाते. त्याची पत्नी, मुले, शेजारी सगळे ती वाचतात.

नंबी नारायणन यांचे उदाहरण पाहा. ते इस्रोमधील शास्त्रज्ञ. त्यांचा मोठा वाटा असलेल्या विकास इंजिनाच्या बळावर ऑक्टोबर १९९४ मध्ये पीएसएलव्हीचे उड्डाण यशस्वी झाले. त्यानंतर दीड महिन्यात, ३० नोव्हेंबरला, केरळ पोलिसांनी त्यांना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक केली. क्रायोजेनिक तंत्रज्ञान परदेशाला पुरवल्याचा आरोप होता. न्यायालयात काहीही सिद्ध झालेले नसताना अनेक वर्तमानपत्रांनी त्यांना देशद्रोही ठरवून टाकले. पोलिसांकडून आलेली माहिती रंगवून छापली गेली.

एक साधा प्रश्न विचारायला हवा होता : जे विकले म्हणतात, ते आपल्याकडे होते का? स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनासह जीएसएलव्हीचे पहिले यशस्वी उड्डाण झाले ते जानेवारी २०१४ मध्ये!

१९९६ मध्ये सीबीआयने आरोप खोटे असल्याचा अहवाल दिला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, त्यांना विनाकारण अटक करून छळले गेले असे सांगून, ५० लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. २०१९ मध्ये पद्मभूषण मिळाले. पण मधली चोवीस वर्षे कोण परत देणार? त्यांच्या एका सहआरोपीला तर हा निकाल ऐकताही आला नाही. त्या वेळी ते बेशुद्धावस्थेत होते आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले.

चूक मुळात तपास यंत्रणेची होती, हे खरे. पण ‘पोलिसांनी सांगितले म्हणून छापले’ एवढ्याने बातमीदाराची जबाबदारी संपत नाही. भारतीय प्रेस परिषदेच्या आचारसंहितेतही बातमीची खातरजमा करण्याला महत्त्व आहे. मात्र परिषद समज देऊ शकते, निषेध नोंदवू शकते. शिक्षा करू शकत नाही. म्हणून शेवटचा पहारेकरी म्हणजे लिहिणाऱ्याची सद्सद्विवेकबुद्धी.

याचा अर्थ पत्रकाराने गप्प बसावे असा नाही. अन्याय उघड करणे हा त्याचा धर्मच आहे. भीतीपोटी मौन पाळणे हाही दोष आहे. पण सत्य सांगण्याची तळमळ वेगळी आणि सर्वांत आधी सांगण्याची घाई वेगळी. पहिलीत सेवा आहे, दुसरीत अहंकार.

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाचा उल्लेख आहे. ते तप फक्त पत्रकारांसाठी नाही. आज आपल्या प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. कुणाची बदनामी करणारा संदेश पुढे पाठवताना आपणही बातमीदारच असतो. आणि चटकदार मजकूर आपण आवडीने वाचतो, म्हणून तो छापला जातो.

तेव्हा आजपासून एवढे करून पाहू या. संदेश पुढे पाठवण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतःला विचारू : हे मला नक्की माहीत आहे का? हे खोटे निघाले, तर त्या माणसाच्या दारात जाऊन मी क्षमा मागेन का? उत्तर ‘नाही’ असेल, तर बोट मागे घ्यावे. तेवढ्या संयमाने एखाद्याचे घर वाचू शकते.