यादीत न येणारी काडी

डॉक्टरांनी 'सध्या कोणती औषधं चालू आहेत?' असं विचारलं की आपण प्रेशरची गोळी सांगतो, शुगरची सांगतो. गेले दोन महिने रोज सकाळी चहात उकळत असलेलं ज्येष्ठमध सांगत नाही. आपल्या लेखी ते औषध नसतंच, ते ओवा-बडीशेपेच्या रांगेतलं.

काडी दाढेखाली धरली की आधी नुसतं लाकूड चावल्यासारखं वाटतं. मग हळूहळू गोडवा सुटतो आणि काडी थुंकून टाकली तरी जिभेवर रेंगाळतो. घशाची खवखव निवते. गवई आणि कीर्तनकार ती उगाच जवळ बाळगत नाहीत. शस्त्रक्रियेत घशात नळी घालायच्या आधी ज्येष्ठमधाच्या पाण्याने गुळण्या केल्या तर नंतरची घसादुखी कमी होते, असं चाचण्यांतही दिसलेलं आहे.

हा गोडवा ग्लिसिरायझिनचा. साखरेच्या कितीतरी पट गोड असलेलं हे द्रव्यच घोटाळा करतं. नेदरलँड्समधल्या रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी १९४६ साली जठराच्या व्रणावर ज्येष्ठमधाचा अर्क देऊन पाहिला. व्रण भरून येऊ लागले. पण साधारण पाचांतल्या एका रोग्याला सूज आली. गुण आणि त्रास दोन्ही एकाच बाटलीतून आले, आणि त्यांनी दोन्हींची नोंद केली. आपल्याकडे आजीबाईच्या बटव्याचं कौतुक करताना दुसरी नोंद सहसा गळते.

सूज का येते, हे नंतर उलगडलं. मूत्रपिंडात कॉर्टिसोल या संप्रेरकाला निकामी करणारं एक विकर असतं. ग्लिसिरायझिनपासून शरीरात तयार होणारं आम्ल ते विकर अडवतं. मग मोकाट सुटलेलं कॉर्टिसोल अंगात मीठ-पाणी साठवून ठेवायला लावतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. रक्तदाब चढतो, पाय सुजतात, हातापायांतलं बळ जातं, फार झालं तर हृदयाचे ठोके बिघडतात. अमेरिकेतला एक चोपन्न वर्षांचा माणूस काही आठवडे रोज पुडकी-दीड पुडकी काळ्या ज्येष्ठमधी गोळ्या खात होता. तो अचानक कोसळला आणि वाचला नाही. त्याची हकिकत २०२० मध्ये छापून आली. हे टोकाचं उदाहरण, मान्य. एका काडीने कुणी दगावत नाही.

युरोपातल्या तज्ज्ञांनी दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिन ही वरची मर्यादा सुचवली आहे. मुळी कसदार असेल तर चमचा-दीड चमचा चूर्णातच तेवढं भरतं. वैद्य चूर्ण देतात तेही साधारण याच मापात, पण ते किती दिवस घ्यायचं हेही सांगतात आणि नाडी बघायला परत बोलावतात. निरोपानिरोपी आलेल्या काढ्याला मुदत नसते.

म्हणून घसा धरला तर दोन-चार दिवस काडी खुशाल चघळावी. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल, लघवी होण्याची गोळी किंवा डिगॉक्सिन चालू असेल, दिवस गेलेले असतील, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. आणि गोळ्या वेळेवर घेऊनही प्रेशर उतरत नसेल, तर डोस वाढवून घेण्याआधी चहात काय पडतंय तेही सांगावं. काढा बंद केल्यावर बहुतेकांचा रक्तदाब काही आठवड्यांत पूर्ववत होतो.