अंकुरांची प्रतवारी

मनुष्याची योग्यता त्याच्या कृतीवरून ठरवावी, कीं त्याच्याकडून अपेक्षित असलेल्या कृतीवरून, हा प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेंतील शालेय बास्केटबॉलनें तो नव्या रूपानें पुढें आणिला आहे.

तेथें चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचा खेळ पाहत पारखी मंडळी उन्हाळी शिबिरांतून आणि सामन्यांतून हिंडत असतात. उंची, हातांची लांबी, उडी, चेंडूवरील ताबा यांची नोंद होते. साऱ्या देशांतील मुलांचा क्रम लागतो व श्रेष्ठांस पांच तारे मिळतात. १९६६ सालीं हॉवर्ड गारफिंकेल व त्यांच्या सहकाऱ्यानें ‘फाइव्ह-स्टार’ शिबिर काढिलें. पुढें या पारखीचा मोठाच व्यवसाय झाला.

या पद्धतीचा गुण नाकारणें अन्यायाचें होईल. ॲक्रन येथील गरीब घरांतला लेब्रॉन जेम्स २००२ सालीं शाळेंत असतांनाच देशभर गाजला, आणि २००३ सालीं व्यावसायिक संघांच्या निवडींत पहिला आला. परंतु त्याच सुमारास अग्रभागीं गणला जाणारा लेनी कुक २००२ च्या निवडींत कोणासच नको झाला. उलट, ज्याला मोठ्या महाविद्यालयांनीं फारसें विचारलें नाहीं तो स्टीफन करी डेव्हिडसनसारख्या लहान महाविद्यालयांतून पुढें आला व २०१५ आणि २०१६ सालीं व्यावसायिक स्पर्धेंतील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला.

पारखी चुकतात, हा आमचा आक्षेप नव्हे; चुकत नाहीं असा परीक्षक कोण आहे? आक्षेप निराळा आहे. परीक्षेंतील क्रम लिहिलेल्या उत्तरांचा असतो. हा क्रम न लिहिलेल्या उत्तरांचा आहे. शिवाय तो केवळ वर्णन करीत नाहीं, घडवितोही. वरच्या क्रमाच्या मुलास उत्तम शिक्षक व तुल्यबळ प्रतिस्पर्धी लाभतात; २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूस स्वतःच्या नांवावर द्रव्यही मिळवितां येतें. खालच्यास यांपैकीं थोडेंच मिळतें. मग भविष्य खरें ठरलें, तर त्यांत भविष्यवाद्याचा हात किती, हें कोणीं सांगावें?

गुणांचा शोध घेणें हें समाजाचें कर्तव्यच आहे, आणि शोध घेतल्यावर साह्य करणेंही. परंतु त्यासाठीं शंभरावा आणि एकशेएकावा ठरविण्याची गरज नसते. मुलास स्वतःची ओळख पटण्यापूर्वीं त्याची किंमत कळावी, यांत त्याचें हित नाहीं. घरीं आलेल्या मुलास ‘काय शिकलास?’ याआधीं ‘कितवा आलास?’ असें विचारणाऱ्या आपण पालकांनींही याचा विचार करावा.