भिंतीवरची वेल आणि सोमल

विल्यम मॉरिसचा पक्ष्यांच्या बाबतीत स्वतःच्या हातावर फारसा भरवसा नव्हता. त्यामुळे १८६२ साली त्याने ‘ट्रेलिस’ हा पहिला वॉलपेपर रेखाटला, तेव्हा गुलाबाच्या मांडवावरचे पक्षी त्याच्या वास्तुविशारद मित्राने, फिलिप वेबने, काढून दिले. मांडव मात्र मॉरिसच्या ‘रेड हाउस’च्या बागेतलाच.

इंग्लंडमधल्या भिंतींवर फुलं आधीही होती. सावल्या देऊन इतकी खरी केलेली की हात लावून पाहावीत. ओवेन जोन्ससारखे सुधारक त्यावर चिडत. भिंत सपाट, तर नक्षीही सपाट हवी, असं त्यांचं म्हणणं. मॉरिसने सपाटपणा मान्य केला, पण झाड वाढतं, वळतं, एकमेकांत गुंततं, ही गोष्ट सोडली नाही. १८८७ च्या ‘विलो बाऊ’मध्ये पानांवर एकही दिखाऊ सावली नाही, तरी फांद्या वर चढताना दिसतात. वॉलपेपरची नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येणारच. ते आवर्तन कुठे सुरू होतं हे डोळ्याला सापडू नये, यातच त्याचं खरं कसब. सहज उगवल्यासारखी दिसणारी ही वेल कडक हिशेबाची आहे.

छपाईही तशीच. प्रत्येक रंगासाठी लाकडाचा वेगळा ठसा, आणि एक रंग वाळल्याशिवाय दुसरा लावायचा नाही. हे काम लंडनच्या जेफ्री कंपनीकडे होतं. १८७५ च्या ‘अकँथस’ला पंधरा रंग आणि तीस ठसे लागले. असा कागद स्वस्त कसा पडणार? कला सगळ्यांची असावी, असं सांगणाऱ्या माणसाचा माल घेत होते ते मात्र पैसेवाले. ही विसंगती त्यालाही टोचत होती.

दुसरी विसंगती त्याला तितकी टोचली नसावी. मॉरिसच्या घरची सुबत्ता डेव्हन परगण्यातल्या ‘डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स’ या तांब्याच्या खाणीतून आलेली. तांबं आटत गेलं तशी ही खाण आर्सेनिकवर, म्हणजे आपल्या सोमलावर, चालू लागली. मॉरिस काही वर्षं तिच्या संचालक मंडळावरही होता. त्या काळी लोकप्रिय असलेले हिरवे रंग तांबं आणि आर्सेनिक यांच्या संयुगांचे असत. ओल्या भिंतीवर बुरशी धरली की त्यांतून विषारी वायू सुटू शकतो. ‘ट्रेलिस’च्या एका जुन्या नमुन्याची तपासणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या हिरव्या पानांत आर्सेनिक सापडलं.

त्या काळात कुणाला कल्पनाच नव्हती, असं म्हणायलाही जागा नाही. वर्तमानपत्रांतून आणि डॉक्टरांकडून इशारे येत होते. १८८५ मध्ये रंगारी मित्र टॉमस वॉर्डलला लिहिलेल्या पत्रात मॉरिसने ही सगळी भीती वेडगळ ठरवली. तोवर तो समाजवादी झाला होता, सभांमधून मजुरांच्या बाजूने बोलत होता. विलोच्या पानाचं वळण त्याच्या नजरेतून सुटत नव्हतं. त्याच खाणीत सोमल गोळा करताना नाकातोंडाला फडकं बांधणारे कामगार त्याच्या लिखाणात जवळपास कुठेच येत नाहीत.