सरोवराची परतवाट

गोड्या पाण्याच्या परिसंस्थांचे, म्हणजे पाणी, गाळ आणि त्यांत जगणारे सारे जीव यांनी मिळून बनलेल्या व्यवस्थांचे पुनरुज्जीवन करण्याचा आधुनिक विचार एका सरळ समजुतीवर उभा राहिला: घाण येणे थांबले, की पाणी आपोआप पूर्वपदावर येते. अमेरिकेतील सिएटल शहरालगतच्या वॉशिंग्टन सरोवराने या समजुतीला मोठे बळ दिले. सांडपाण्यातील फॉस्फरसमुळे तेथे नीलहरित शैवाल माजले होते. १९६३ ते १९६८ या काळात ते सांडपाणी दुसरीकडे वळवण्यात आले आणि पारदर्शकता मोजण्यासाठी पाण्यात सोडली जाणारी पांढरी चकती, जी पूर्वी जेमतेम एका मीटरवर दिसेनाशी होत असे, ती काही वर्षांतच बरीच खोलवर दिसू लागली. पुढे १९७३ मध्ये कॅनडातील एका लहान सरोवराचे पडद्याने दोन भाग करून दोहोंत कार्बन व नायट्रोजन, पण एकातच फॉस्फरस मिसळण्यात आला, तेव्हा तोच भाग हिरवागार झाला आणि फॉस्फरसवरचा आरोप जवळपास सिद्ध मानला गेला.

या निष्कर्षात खोट नव्हती. त्यावरून बांधलेली अपेक्षा मात्र भाबडी होती. तळाजवळ प्राणवायू असतो तोवर गाळातील लोह फॉस्फरसला धरून ठेवते आणि प्राणवायू संपताच तो पुन्हा पाण्यात सुटतो, हे क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी १९४१-४२ मध्येच दाखवले होते. म्हणजे बाहेरची आवक थांबल्यावरही उथळ तलाव आपल्याच जुन्या साठ्यावर वर्षानुवर्षे गढूळ राहू शकतो. स्वीडनमधील ट्रूमेन सरोवरात सांडपाणी बंद होऊनही सुधारणा दिसेना, तेव्हा १९७० व १९७१ मध्ये तळाचा गाळच उपसावा लागला. महाराष्ट्रातही तलावांतील गाळ काढला जातो, पण तो बहुधा साठवणक्षमतेच्या हिशेबाने. त्या गाळाचे रसायन क्वचितच कोणी विचारात घेते.

मार्टेन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हा विचार आणखी पुढे नेला. उथळ तलावाच्या निर्मळ आणि गढूळ अशा दोन अवस्था असतात व प्रत्येक अवस्था स्वतःला टिकवून धरते, असे त्यांचे प्रतिपादन होते: पाणवनस्पती गाळ बसवून पाणी निवळ ठेवतात, तर त्या नाहीशा झाल्यावर वारा आणि तळ उकरणारे मासे गाळ ढवळत राहतात व उजेडाअभावी वनस्पतींना पुन्हा मूळ धरता येत नाही. म्हणूनच ज्या फॉस्फरस-पातळीला तलाव बिघडला, तिच्याही कितीतरी खाली आल्याशिवाय तो सुधारत नाही.

खुद्द वॉशिंग्टन सरोवराची कथाही पुढे बदलली. १९७६ मध्ये तेथील पाणी आणखी स्वच्छ झाले, ते शैवाल खाणाऱ्या डॅफ्निया या सूक्ष्म कवचधारी जीवांची संख्या वाढल्यामुळे. त्यांना खाणारी कोळंबीवर्गीय जात आधीच घटली होती आणि त्यांच्या आहारात अडथळा आणणारे तंतुमय शैवालही संपले होते. सांडपाणी वळवणाऱ्या अभियंत्यांच्या आराखड्यात या जीवसाखळीला स्थान नव्हते. त्या खोल सरोवराचे यश उथळ तलावांसाठी नमुना म्हणून पुढे ठेवणे शास्त्राला धरून नाही.